६.५×५८ वेर्गेइरोसाठी पुंगळी कशाची: .३०-०६ की ८×५७?

मांडवीकाठ: पोर्तुगीज लष्कराच्या १९०४ च्या माउझर-वेर्गेइरो रायफलीचं ६.५×५८ काडतूस (नळी ६.५ मिमी, पुंगळी म्हणजे पितळी आवरण ५८ मिमी लांब) आता सहजी मिळत नाही. रिकामी पुंगळी दुसऱ्या काडतुसाची घेऊन बदलायची, एवढाच मार्ग उरतो. माझं मत: .३०-०६ घ्या. तळाचा व्यास दोघांचाही १२ मिमीच्या आसपास, लांबी ६३.३ मिमी, म्हणजे कापायला भरपूर ऐवज. ८×५७ मुळातच एक मिमी आखूड, नेक (गोळी धरणारं अरुंद तोंड) अपुरी राहते. तोंडाला अनीलिंग (तापवून मऊ करणं), पुसटसं ल्यूब म्हणजे वंगण, फॉर्मिंग डायने (आकार देणाऱ्या साच्याने) शोल्डर, म्हणजे नेकखालचा उतार, मागे, ५८.५ ला करवत, ट्रिमरने ५८, आतबाहेरचे कंगोरे साफ. झालं.

भिरंड: बाब, "झालं" कसं? .३०-०६ चा शोल्डर तळापासून ४९.५ मिमीवर सुरू होतो आणि नेक ५३.६ वर. ५८ ला कापल्यावर नव्या नेकचा वरचा भाग जुन्या नेकचा, खालचा मात्र जुन्या शोल्डरचा. तिथलं पितळ जाड, म्हणून नेकच्या बुडाशी आतून कडं उठतं. गोळी त्या कड्यापर्यंत बसवली की नेक बाहेर फुगते, चेंबरमध्ये (रायफलीत काडतूस बसतं त्या जागेत) तिला उघडायला जागा उरत नाही, दाब चढतो. मग प्रायमर (तळातली ठिणगीची टोपी) चपटा, बोल्ट (चेंबर मिटणारा दांडा) घट्ट, आणि माणूस दोष देतो पावडरला.
८×५७ ची नेक नेकच राहते. ८.२ वरून एकदम ६.७ वर नेऊ नका, तोंडाला सुरकुती पडते. मध्ये ७ मिमीची डाय घ्या. आवळताना नेक किंचित लांबतेही. उरलेल्या अर्ध्या मिमीने गोळी काही सुटत नाही.

मांडवीकाठ: कडं रीमरने (आतून तासणाऱ्या हत्याराने) निघतं, बाहेरून नेक टर्न (तासून पातळ) करता येते. दहा पुंगळ्यांना एक संध्याकाळ.

भिरंड: निघतं, पण मोजलं तर. डागलेल्या पुंगळीच्या नेकचा बाहेरचा व्यास घ्या, भरलेल्या काडतुसाचा घ्या. फरक ०.०५ मिमीहून कमी असेल तर ते काडतूस डागू नका. व्हर्नियर नसेल तर डागलेल्या पुंगळीत नवी गोळी बोटाने सरकवून पाहा; अडली तर नेक जाड आहे. आणि ८ वरून ६.५ वर आणल्यावरही भिंत जाड होते, तेव्हा ही तपासणी माझ्या पद्धतीलाही चुकत नाही, हे कबूल.

डिचोलीकर: तुम्ही दोघं नेकवरच अडकलात. जास्त पुंगळ्या वाया जातात त्या शोल्डर गरजेपेक्षा मागे ढकलल्याने. डाय पूर्ण खाली उतरवू नका. थोडी वर ठेवून पुंगळी काढा, चेंबरमध्ये घाला. बोल्ट मिटत नसेल तर डाय १/८ फेरा खाली. नेहमीच्या ७/८-१४ आट्याला हा फेरा ०.२३ मिमी होतो. शेवटी शेवटी त्याहून कमी. बोल्ट जरासा रेटून मिटला की थांबा. पुढे गेलात तर डागताना पुंगळी ताणते, तळाच्या वर चकचकीत रेघ दिसते आणि दोनचार भरण्यांत तळ तुटून वेगळा होतो. टोक वाकवलेली बारीक तार आतून फिरवा. त्या रेघेवर खाच लागली तर पुंगळी भंगारात.
शोल्डरवर पोचे आले तर तो पुंगळीचा दोष नव्हे, ल्यूब जास्त झालं.

भिरंड: हे मान्य. आणि अनीलिंगला तळ पाण्यात ठेवा. तळ मऊ झाला तर प्रायमरची खोबण सैलावते, गॅस मागे येतो.

सत्तरीचो: गोव्याच्या पावसाळ्याचं कुणी बोलेना. पितळावर अमोनिया आणि ताण एकत्र आले की आपोआप तडे जातात. इंग्रजांच्या हिंदुस्थानात घोड्यांच्या पागेजवळ ठेवलेली काडतुसं पावसाळ्यात अशीच फुटायची. फॉर्म केलेल्या नेकमध्ये ताण असतोच. म्हणून गोठ्याच्या भिंतीआड पेटी नको, अमोनियावालं पॉलिशही नको. समईसारखी चिंच लावून रात्रभर ठेवाल तर पितळ गुलाबी पडेल, म्हणजे जस्त निघालं. पाच मिनिटं पुरे, मग भरपूर पाणी.

मांडवीकाठ: चिंचेचं पटलं. .३०-०६ वरचं मत सोडत नाही, पण नेक टर्न केल्याशिवाय नको, ही दुरुस्ती वर जोडतो.

डिचोलीकर: आणखी एक जोडा. भिंत जाड म्हणजे आतली जागा कमी. दोन्ही पुंगळ्या पाण्याने काठोकाठ भरून वजन करा. ज्यात पाणी कमी मावतं तिच्यात दुसरीचं लोड (पावडरचा भार) जसंच्या तसं घालू नका, किमान भारापासून वर चढा. तळावरचा ठसा जुन्याच काडतुसाचा राहतो, म्हणून डबीवर ठळक अक्षरात खरं नाव लिहा. आणि परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ खाली बसतं. रायफलीचा परवाना म्हणजे भरण्याचा परवाना नव्हे.