मदत हवी आहे : १८ फुटी सागवानी होडी, खिळे बदलायचे की नाही?

होडीच्या फळ्या २५ मिमी जाड आहेत. पठाणालगतच्या (पठाण म्हणजे होडीच्या तळाचा लांब कणा) दोन ओळींत लोखंडी खिळे गंजलेत, त्यांच्याभोवती लाकूड १०-१२ मिमीपर्यंत काळं, भुसभुशीत झालंय. वाक (फळ्या ज्यांवर ठोकतात त्या आतल्या फासळ्या) मात्र ठणठणीत.

या दोनच ओळींत तांब्याचे खिळे मारले, तर खाऱ्या पाण्यात शेजारचं लोखंड आणखी लवकर खाल्लं जाईल. मग सगळेच बदलावेत, की जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडीच परत मारावेत? जुनी भोकं सागाच्या खुंट्यांनी बुजवून नवी बाजूला पाडली, तर फळी चिरेल का?

सांधे वाळून ३-४ मिमी उघडलेत. आत्ताच कापूस ठासला तर लाकूड फुगल्यावर फळ्या वाकांवरून सुटतील. त्याआधी लाकूड फुगवायला ओली गोणपाटं किती दिवस ठेवावीत? इपॉक्सी (वाळून कडक होणारा गोंद) कृपया सुचवू नका, हलत्या सांध्यात तडकतंच.