गावची शाळा आणि उपकेंद्र चांगलं आहे की नाही, हे मोजायचं कसं?

सीनाकाठचा

नमस्कार मंडळी. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका गावचा मी ग्रामपंचायत सदस्य. गावच्या विकास आराखड्यात शाळेसाठी आणि आरोग्य उपकेंद्रासाठी पैसे धरायचेत, त्याआधी दोन्हींची ‘सद्यःस्थिती’ लिहायची आहे. ग्रामसेवकांनी तक्ता दिला. वर्गखोल्या, संरक्षक भिंत, मुलींचं स्वच्छतागृह, परसबाग, उपकेंद्राला लाईट-पाणी, दर्शनी फलक. भरत गेलो तर सगळीकडे ‘आहे’.

आणि रोज सकाळी गावातली पोरं व्हॅनमध्ये कोंबून इंग्लिश मीडियमला जातात. ताप आला की लोक फाट्यावरच्या डॉक्टरकडे सुई घेऊन येतात, नाहीतर थेट सोलापूर गाठतात. म्हणजे एक तर तक्ता खोटा, नाहीतर लोक येडे. मला दोन्ही पटत नाही. मास्तरांशी किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरशी माझं भांडण नाही. पण चांगलं-वाईट ठरवायला नेमकं काय बघायचं? बारावी-बीए झालेली काही पोरंपोरी मदतीला तयार आहेत. पैसे नाहीत.

चाटीगल्ली

दादा, तक्ता खराच आहे, फक्त तो इमारत मोजतो. भिंत मोजायला सोपी, ती पळून जात नाही, म्हणून सगळे तीच मोजतात. मी सोलापुरातूनच सर्वेक्षणाच्या टीम सांभाळते, करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत बरीच घरं पालथी घातली आहेत. मला विचाराल तर शाळेबद्दल एकच गोष्ट बघा: पोराला वाचता येतं का. आणि ते शाळेत जाऊन बघू नका, घरी बघा.

‘असर’ हे पोरांचं वाचन-गणित घरोघरी तपासणारं सर्वेक्षण ‘प्रथम’ या संस्थेने २००५ मध्ये सुरू केलं, ते याच पद्धतीने चालतं. शाळेत गेलात तर त्या दिवशी हजर असलेली पोरंच भेटतात, आणि पुढच्या बाकावर कोण बसणार हे तुम्ही ठरवत नाही. घरी गेलात की गैरहजर राहणारा, शाळा सोडलेला आणि व्हॅनमधून जाणारा, तिघेही सापडतात. वाचायला चार पायऱ्या असतात: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. सुरुवात उताऱ्यापासून करायची. वाक्य वाचल्यासारखं वाचलं तर गोष्ट द्यायची. एकेक शब्द तोडून वाचायला लागलं किंवा तीनपेक्षा जास्त चुका झाल्या तर खाली शब्दांवर यायचं. एका पोराला पाच-सात मिनिटं लागतात. २०१८ मध्ये देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या निम्म्याच मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत होता. कोविडनंतर २०२२ मध्ये ते प्रमाण ४२.८ टक्क्यांवर आलं. भिंती आणि स्वच्छतागृहं मात्र त्या काळात वाढतच होती.

दोन गोष्टी सांभाळा. ‘असर’ जिल्ह्यातली ३० गावं आणि प्रत्येक गावात २० घरं घेतं. जिल्ह्याचा अंदाज यायला ते पुरतं, एका गावाबद्दल त्यातून काही कळत नाही. तुम्ही गावातलं प्रत्येक पोर घ्या, छोटं गाव आहे, होऊन जाईल. दुसरं, निकाल आल्याबरोबर ‘झेडपी विरुद्ध इंग्लिश मीडियम’ अशी कुस्ती लावू नका. व्हॅनचं भाडं परवडणाऱ्या घरातल्या पोराला घरी शिकवणारं कुणीतरी असतं, क्लास असतो. ते पुढे आहे म्हणजे त्याची शाळा पुढे आहे, असं होत नाही. तीच पोरं पुढच्या वर्षी पुन्हा तपासा. अक्षरावर अडकलेलं पोर वर्षभरात गोष्टीपर्यंत आलं का, यात शाळेचं काम दिसतं.

मास्तर वर्गात असतात का, हेही बघता येतं, पण न सांगता गेलं तरच. २००३ मध्ये देशभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांत अशा अचानक भेटी दिल्या होत्या, तेव्हा चारातले एक शिक्षक शाळेत नव्हते. महाराष्ट्राचा आकडा १४.६ टक्के होता, राज्यांत सगळ्यात कमी. म्हणजे आपल्याकडचा मोठा प्रश्न गैरहजेरीचा नसावा असं माझं मत. मास्तर हजर आहेत आणि ऑनलाइन माहिती भरताहेत, हे दृश्य जास्त वेळा दिसतं.

दवाखान्याचं मोजणं मात्र फार अवघड. पोराला वाचता येतं का हे आईला कळतं, डॉक्टरने बरोबर औषध दिलं का हे पेशंटला कळत नाही. ‘सेवेबद्दल समाधानी आहात का’ असं विचारलं की आपले लोक ‘हो, चांगलंय की’ म्हणणार, विशेषतः सिस्टर त्याच आळीत राहत असतील तर. शिवाय ज्याने सुई दिली, सलाईन लावली तो चांगला, आणि ओआरएस देऊन परत पाठवणारी सिस्टर ‘काहीच करत नाही’. समाधान मोजलंत तर फाट्यावरचा डॉक्टर पहिला येईल.

मध्य प्रदेशातल्या खेड्यांत संशोधकांनी वेगळीच युक्ती केली. स्थानिक माणसांना शिकवून पेशंट बनवून पाठवलं. एकाच्या छातीत दुखतंय, एकाला दमा, एकाच्या घरी लहान मुलाला रक्ताचे जुलाब. काय विचारलं, काय तपासलं, काय दिलं, सगळं बाहेर येऊन नोंदवलं. २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. डॉक्टर पेशंटला सरासरी साडेतीन मिनिटांच्या आसपास देत होते, बरोबर निदान जेमतेम १२ टक्के. त्यातल्या बऱ्याच जणांकडे डॉक्टरकीची पदवीच नव्हती. पुढच्या अभ्यासात आणखी एक निघालं: तोच सरकारी डॉक्टर स्वतःच्या खासगी दवाखान्यात जास्त वेळ देतो, जास्त प्रश्न विचारतो. ज्ञान तेच, मेहनत वेगळी. त्यामुळे भिंतीवरची पदवी बघूनही उलगडा होत नाही.

तुम्ही खोटे पेशंट पाठवायच्या फंदात पडू नका, त्याला प्रशिक्षण आणि परवानग्या लागतात. त्याऐवजी वर्षभरात बाळंत झालेल्या बायकांकडे जा, माता-बाल संरक्षण कार्ड बघायला मागा. विचारा: दंडाला पट्टा बांधला होता का? बोटातून रक्त घेतलं का? पोटावर हात ठेवून तपासलं का? ‘कसं वाटलं’ विचारू नका, ‘काय केलं’ विचारा. मग उपकेंद्रात ओआरएस, झिंक, लोहाच्या गोळ्या आज कपाटात आहेत का ते बघा. आणि रजिस्टर दाखवलं तर बीपीचे आकडे वरपासून खाली वाचत जा. ११०/७०, १२०/८०, ११०/७०, १२०/८०. खरे मोजलेले आकडे इतके गोल येत नाहीत. बाळाच्या वजनाचंही तसंच. अडीच किलोच्या आत कमी वजनाचं बाळ धरतात, आणि रजिस्टरात बाळं बरोबर २.५ वर येऊन थांबलेली दिसतात.

भैय्याचौक

एवढं सगळं करून मास्तरची बदली होणार बे. मोजा मग नव्याने.

उपकेंद्रातली

चाटीगल्ली ताई, रजिस्टर वाचायला शिकवलंत, आता ते भरणारीचंही ऐका. मी एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली सिस्टर आहे, तालुका सांगत नाही. लसीकरणाच्या दिवशी गरोदर बायका, बाळं, आशाताईंचे रिपोर्ट, पोर्टल, सगळं एकदम. बीपीच्या मशीनचे सेल गेले तर स्वतःच्या पैशांनी आणायचे. काटा एकदा पडला की पुन्हा तपासून कुणी देत नाही.

आणि २.५ चं खरं कारण वेगळंच आहे. मी २.३ लिहिलं की मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर प्रश्न येतो, तुमच्याकडेच कमी वजनाची बाळं कशी? जिने खरं मोजलं तिचं उपकेंद्र लाल रंगात, जिने अंदाजे लिहिलं ती हिरव्यात. मग पुढच्या महिन्यात सगळ्याच हिरव्यात येतात. त्या बाळाला जे जादा लक्ष मिळायला हवं ते मात्र राहून जातं, कारण कागदावर ते धडधाकट आहे.

दादा, आमचं काम मोजा, हरकत नाही. पण आम्हाला काय मिळालं तेही शेजारच्या रकान्यात लिहा: गोळ्या किती मागितल्या आणि किती आल्या, पद रिकामं किती दिवस, काटा शेवटचा कधी तपासला.

चाटीगल्ली

सिस्टर, अगदी बरोबर, आणि शाळेतही हेच चालतं. मध्य प्रदेशात ‘प्रतिभा पर्व’ नावाची सरकारी चाचणी घेत. तीच पोरं, तेच प्रश्न, बाहेरच्या माणसांनी पुन्हा विचारले तर गुण धाडकन खाली आले. सगळ्यात जास्त फुगवलेले होते कच्च्या पोरांचे. म्हणजे ज्यांच्यासाठी चाचणी घेतली तीच पोरं कागदावरून गायब.

म्हणून दादा, तुमचे आकडे तालुक्याला पाठवू नका, पेपरात देऊ नका, कुणाच्या नावापुढे लिहू नका. शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवा. तिच्यात कायद्याने तीन चतुर्थांश पालक असतात, त्यांना ‘तिसरीतली इतकी पोरं अजून शब्दांवर आहेत’ एवढं कळलं तरी पुरे. आपल्या राज्यात २००७ पासून काही जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख झाली, गावाने तीन रंगांत प्रगतिपत्रक भरायचं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना विचारायचं. युगांडातही असा प्रयोग झाला, पहिल्या वेळी बालमृत्यू तिसऱ्या हिश्श्याने घटल्याचं दिसलं, पुढे मोठ्या प्रमाणावर केला तेव्हा तसं काही हाती लागलं नाही. तेव्हा प्रगतिपत्रक लावलं की काम झालं, असा भ्रम नको.

सीमेवरचा_गुरुजी

अक्कलकोट भागात शिकवतो. दोन गोष्टी कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

एक, भाषा. माझ्या वर्गात निम्म्या घरांत कन्नड बोलतात. सोलापूर शहरात विडी कामगारांच्या वस्तीत तेलुगू. पोरगं मराठी शाळेत पहिलीत येतं तेव्हा ‘पाणी’ हा शब्दही त्याला नवा असतो. तपासणाऱ्याने मराठी उतारा पुढे केला, पोर गप्प बसलं, नोंद झाली ‘अक्षर ओळख नाही’. आधी त्याच्या भाषेत दोन गप्पा मारा, गणिताचं तोंडी त्याच्या भाषेत विचारा, मग वाचायला द्या. घरची भाषा कोणती हा रकाना ठेवाच.

दोन, ऊस. दिवाळीच्या सुमारास कारखाने सुरू झाले की काही घरं तोडीला निघून जातात आणि बाहेरची घरं फडावर येतात. जानेवारीत मोजलंत तर तुमच्या गावची कच्ची पोरं गावातच नसतील, आणि आकडा उगाच चांगला येईल. दिवाळीच्या आत उरका.

सीनाकाठचा

सगळ्यांचे आभार. भैय्याचौक, बदलीचं खरंय, म्हणूनच यादी मास्तरांकडे न ठेवता समितीकडे ठेवतो. मुख्याध्यापकांशी बोललो, ते आधी जरा फुगले, ‘नावं बाहेर जाणार नाहीत’ म्हटल्यावर तयार झाले. सिस्टरचा शेजारचा रकाना घेतलाय. गणपती झाले की लगेच सुरू करतो. पोरींना टीममध्ये जास्त घेतोय, बाळंतिणींशी आमची पोरं काय बोलणार. उतारे आपणच लिहावेत का?

चाटीगल्ली

लिहू नका, सोपा-अवघड पातळी चुकते. ‘असर’च्या संकेतस्थळावर मराठीतले नमुने फुकट आहेत. वेगवेगळे संच छापून घ्या आणि गल्लीगणिक बदला, नाहीतर वरच्या आळीतली पोरं धावत जाऊन खालच्या आळीला गोष्ट पाठ करून देतात.