शब्दचर्चा : बांडगूळ, आमरी आणि ‘पुंजकेदार आढळ’

प्रश्न : आंब्याच्या फांदीवरच्या आमरीलाही (ऑर्किडलाही) बरेच जण बांडगूळच म्हणतात. हे बरोबर आहे का? आणि बांडगुळं मोजक्याच झाडांवर दाटीनं दिसतात, त्या ‘क्लम्प्ड डिस्ट्रिब्यूशन’ला मराठीत काय म्हणावं?

उत्तर : बोलण्यात चालून जातं, लिहिताना टाळा. आमरी ही अपिवनस्पती. ती सालीला नुसती धरून राहते. पाणी पावसाचं आणि हवेतल्या दमटपणाचं. बांडगूळ (डेंड्रोफ्थी फाल्काटा) फांदीत शोषकमूळ घुसवून पाणी आणि क्षार ओढतं. त्याची पानं हिरवी असल्यानं अन्न मात्र स्वतः तयार करतं, म्हणून ते अर्धजीवोपजीवी. पूर्ण परावलंबी म्हणायची ती पिवळी, बिनपानांची अमरवेल. ‘आयतं खाणारा’ या अर्थी आपण माणसाला बांडगूळ म्हणतो, पण तो अर्थ अमरवेलीलाच जास्त शोभतो!

उत्तर : एक भर. ‘वांडा’ हे आमरीच्या प्रजातीचं नाव संस्कृत ‘वन्दा’वरून आलं, आणि ‘वन्दा’ म्हणजे बांडगुळासारखी परजीवी वनस्पती. म्हणजे हा गोंधळ जुनाच आहे.

आता दाटीबद्दल. फुलटोच्या हा छोटा पक्षी बांडगुळाचं फळ खातो, गर पचतो, चिकट बी विष्ठेतून बाहेर पडते आणि तो ती फांदीवर पुसतो. फळं जिथे, तिथेच तो पुन्हा येतो. त्यामुळे लागण झालेल्या झाडावर आणखी बिया पडतात. ‘वितरण’ म्हटलं की कुणीतरी वाटप केल्यासारखं वाटतं, ‘विखुरण’ आणि पुंजके तर एकमेकांच्या विरुद्धच. माझ्या मते ‘पुंजकेदार आढळ’ हाच शब्द नेमका.

प्रश्न : पुंजकेदार आहे हे ठरवायचं कसं?

उत्तर : झाडागणिक बांडगुळं मोजा, मग प्रचरणाला (व्हेरियन्स, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) सरासरीनं भागा. समजा 10 झाडांवर 0, 0, 0, 1, 0, 14, 0, 2, 0, 3 अशी आहेत. सरासरी 2, प्रचरण सुमारे 18.9, गुणोत्तर 9.4. ते 1 च्या आसपास आलं तर आढळ यादृच्छिक, बरंच कमी आलं तर समान अंतराचा, बरंच जास्त आलं तर पुंजकेदार. फक्त लागलेलीच झाडं मोजली तर हिशेब फसतो. शून्यंही धरावी लागतात.

उत्तर : बागायतदारांसाठी : नुसती पानं छाटू नका. सालीवरून सरपटणाऱ्या मुळांना ठिकठिकाणी नवी शोषकमुळं फुटतात, त्यामुळे बांडगूळ परत येतं. ही मुळं जिथवर पोचली असतील त्याच्याही मागे, बुंध्याच्या बाजूला, फांदी कापा, आणि तीही फळं धरण्याआधी.