मदत हवी आहे : तोंडी परीक्षेच्या वेळचा ताण कोणत्या प्रश्नावलीने मोजावा?

आडगाव_नाका : नमस्कार. मी नाशिकच्या एका नर्सिंग महाविद्यालयात शिकवते. प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेआधी आणि नंतर विद्यार्थ्यांच्या ताणात किती फरक पडतो, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. मार्गदर्शकांच्या सूचनेनुसार कोहेन यांची ‘जाणवलेला ताण’ ही १० प्रश्नांची श्रेणी एका लहान गटाला दिली, तर दोन्ही वेळचे गुण जवळपास सारखेच आले. बाहेर बाकावर बसलेल्या मुलींच्या ओल्या तळव्यांनी जर्नलचे कव्हर चिकट होते, एकीला तर स्वतःचा परीक्षा क्रमांक आठवेना, आणि आकडे मात्र काहीच घडले नाही असे सांगतात. सोमवारी साधन निश्चित करून द्यायचे आहे, तेव्हा कृपया नेमके नाव सांगा.

गंगापूररोड : ताई, नाव सांगण्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात. विद्यार्थी कोणत्या वर्षाचे आहेत, प्रश्नावली मराठीत होती की इंग्रजीत, ‘आधी’ म्हणजे किती आधी आणि भरलेले कागद कोणी गोळा केले?

सातपूर_कॉलनी : माणूस कागदावर खरे लिहीत नाही, असा माझा प्रयोगशाळेतील अनुभव आहे. लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारे संप्रेरक, तपासा, शरीर खोटे बोलत नाही.

सिडकोकर : सर, शरीर खोटे बोलत नसले तरी ते उशिरा बोलते. ताणाचा प्रसंग सुरू झाल्यावर लाळेतील कॉर्टिसॉल साधारण २० ते ३० मिनिटांनी शिखर गाठते, म्हणजे मुलगी खोलीतून बाहेर येताक्षणी घेतलेला नमुना बहुधा प्रतीक्षेतल्या ताणाबद्दल सांगेल. शिवाय हे संप्रेरक सकाळी मुळातच जास्त असते आणि दिवसभरात उतरत जाते, त्यामुळे नऊची मुलगी आणि दुपारची मुलगी यांची तुलना कशी करणार? मला त्यापेक्षा मनगटी घड्याळातील नाडीचे ठोके सोपे वाटतात.

सातपूर_कॉलनी : ठोके जिना चढूनही वाढतात. नमुन्याची वेळ पाळता येते, जिना टाळता येत नाही.

पंचवटी_पूर्व : मोजण्यापेक्षा ताण कमी करणे महत्त्वाचे नाही का? परीक्षेआधी पाच मिनिटे दीर्घ श्वसन करून घ्या. शासनाची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवाही १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे.

आडगाव_नाका : पंचवटी_पूर्व, आपली तळमळ समजते, पण माझा प्रश्न मोजण्याचा आहे. लाळेच्या तपासणीचा खर्चही मला पेलवणार नाही. गंगापूररोड सर, बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या साठेक मुली आहेत. बऱ्याचजणी पेठ, सुरगाणा, दिंडोरी या भागांतून, मराठी माध्यमातून आलेल्या आहेत. प्रश्नावली इंग्रजीत होती, परीक्षेआधी अर्धा तास आणि बाहेर आल्याबरोबर भरून घेतली. कागद मीच गोळा केले आणि अंतर्गत परीक्षकही मीच आहे.

गंगापूररोड : आता चित्र स्पष्ट झाले. कोहेन आणि सहकाऱ्यांची ती श्रेणी ‘गेल्या महिन्यात’ काय वाटले हे विचारते. एका सकाळच्या दोन टोकांना गेला महिना तोच राहतो, मग गुण बदलणार कसे? श्रेणी चांगलीच आहे, पण ती आपल्या प्रश्नासाठी बनलेली नाही. स्पीलबर्गर यांच्या अवस्था-गुणवैशिष्ट्य चिंता सूचीचा अवस्थेचा भाग घ्या. त्यात २० विधाने आणि प्रत्येकाला चार पर्याय असतात, गुण २० ते ८० येतात आणि ‘या क्षणी’ कसे वाटते एवढेच विचारले जाते. शांतपणा दर्शवणाऱ्या विधानांचे गुण उलटे धरावे लागतात, तेवढे विसरू नका. गुणवैशिष्ट्याचा भाग मुळात चिंताळू स्वभाव मोजतो. तो एखाद्या साध्या दिवशी एकदाच भरून घ्या आणि त्याच दिवशी अवस्थेचा भागही घ्या, म्हणजे तुलनेला आधार मिळेल. सूची स्वामित्वाधीन आहे, त्यामुळे वापरासाठी आणि मराठी भाषांतरासाठी परवानगी घ्या. मराठी मजकूर दुसऱ्या कोणाकडून पुन्हा इंग्रजीत करून मुळाशी ताडून पाहा आणि सुरगाण्याकडच्या दोन-चार मुलींना वाचायला देऊन त्यांना काय कळले ते विचारा.

मला सर्वांत जास्त खटकले ते कागद गोळा करणे. जी परीक्षक गुण देणार, तिच्याच हातात ‘मला भीती वाटते’ अशी खूण केलेला कागद कोणती मुलगी देईल? परीक्षेशी संबंध नसलेल्या व्यक्तीकडे बंद पेटी ठेवा आणि परीक्षा क्रमांकाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरा.

सिडकोकर : पंचवटी_पूर्व यांचा मुद्दा इथे कामी येईल. एखादीचे गुण फार जास्त आले तर तिला मदत कुठून मिळणार, हे नीतिमत्ता समिती विचारेलच, आणि क्रमांक सांकेतिक असल्यामुळे तिच्यापर्यंत पोहोचणेही अवघड होईल. म्हणून समुपदेशकांची वेळ आणि १४४१६ हा क्रमांक प्रत्येकीच्या कागदावर आधीच छापा.

आडगाव_नाका : पेटी ग्रंथपालांकडे ठेवता येईल. पण सोमवारपर्यंत परवानगी येणार नाही, मग काय दाखवू?

गंगापूररोड : साधनाचे नाव आणि परवानगीसाठी पाठवलेल्या अर्जाची प्रत. तोवर ० ते १० अशी आखलेली एक रेघ द्या आणि ‘आत्ता किती ताण वाटतो’ तिथे खूण करायला सांगून वेळापत्रकाची चाचणी घ्या. कोहेन यांच्या श्रेणीचे मिळालेले गुणही मार्गदर्शकांना दाखवा, कारण साधन का बदलले हे त्यांना त्यावरूनच पटेल.