रात्री बाराला मोठ्या शहरात उतरलात, तर जेवायचं कुठं?

टिळकवाडीकर
परवा कामासाठी बेंगलोरला गेलो होतो. विमान इथं बेळगावात, सांबऱ्याच्या विमानतळावरच दोन तास अडकलं. मॅजेस्टिकजवळच्या लॉजवर बॅग टाकेपर्यंत सव्वाबारा. दर्शिन्या (तिथली उभ्यानं खायची छोटी हॉटेलं) कधीच मिटलेल्या. फोनवर शोधलं तर साडेचार स्टारचं एक मोठं हॉटेल, 'रात्री 1 पर्यंत उघडं'. रिक्षा केली (रात्री दहानंतर तिथं दीडपट मीटर, हे आपल्या लोकांनी ध्यानात ठेवा). आत गेलो तर निम्म्या खुर्च्या टेबलांवर पालथ्या, पोरगा फिनेलनं फरशी पुसतोय आणि वेटर म्हणतो, "ऊटा मुगीतु सार, फ्राइड राइस मात्रा इदे." जेवण संपलं, फक्त फ्राइड राइस आहे. तो आला. वर वाफ, मध्ये गार. निम्मा टाकून उठलो.

परत येताना आनंदराव सर्कलला, खाजगी बसगाड्या सुटतात तिथं, एक गाडा दिसला. ड्रायव्हर-क्लीनर उभ्यानं अंडाभुर्जी खात होते. मी पण खाल्ली. तव्यावरून सरळ ताटलीत. पोट भरलं, सकाळी तक्रार नाही.

माझं मत असं, की रात्री उशिरा स्टार बघायचेच नाहीत. ड्रायव्हर कुठं जेवतात ते बघायचं. तुम्हाला काय वाटतं?

निपाणीचा_बारक्या
काय सांगूलालास मर्दा! हायवेला रातच्या बसगाड्या ज्या धाब्यावर थांबतात तिथं ड्रायव्हर-क्लीनरला जेवण फुकट असतं. गाडीभर गिऱ्हाईक आणल्याबद्दल. त्याच्या ताटात काय आणि आपल्या ताटात काय, कधी डोकावून बघितलास? आपली डाळ पाणी, त्याला चिकन सुकं. ड्रायव्हर बघून हॉटेल निवडायचं म्हणजे जावई बघून सासूच्या हातची चव ठरवायची.

मी तरी स्टार बघतो. असे स्टार देणारे नऊ हजार लोक सगळेच खुळे नसतात.

टिळकवाडीकर
धाब्याचं मान्य. पण मी शहरातल्या गाड्याचं बोलतोय. तिथं ड्रायव्हर खिशातले पैसे मोजून खातो, फुकट नाही. फरक आहे की नाही?

आणि ते नऊ हजार लोक दुपारी एक वाजता जेवून गेलेले असतात. रात्री साडेबाराला त्याच स्वयंपाकघरात काय चाललंय ते त्यांना काय ठाऊक!

भट्टीसमोर_बारा_वर्षं
मी मुंबईत आणि बेंगलोरला हॉटेलात काम केलंय, आता शहापूरला स्वतःचं छोटं दुकान आहे. दोघांचंही अर्धं बरोबर.

बंद व्हायच्या आधीच्या तासात आत काय चालतं ते ऐका. वस्ताद, म्हणजे मुख्य आचारी, साडेअकरालाच हात धुऊन बसलेला असतो. तंदूर विझत आलेला, त्यामुळे रोटी मागितली की 'वेळ लागेल' म्हणतात, म्हणजे तुम्ही मागू नये. ग्रेव्ही एकच, लाल. तिच्यात पनीर पडलं की पनीर मसाला, अंडं पडलं की अंडा मसाला. कढईतलं तेल सकाळपासूनचं. उरलेला भात संपवायचा असतो, म्हणून वेटर फ्राइड राइसच पुढं करतो. तुमच्या बाबतीत तेच झालं.

भाताचं जरा गांभीर्यानं घ्या. शिजलेला भात तासन् तास बाहेर राहिला की त्यात एक जंतू वाढतो, बॅसिलस सिरीयस. त्याचं विष परत गरम करून जात नाही. अन्न 60 अंशाच्या वर ठेवा नाहीतर 5 अंशाच्या खाली, मधलं सगळं धोक्याचं, असं आम्हाला शिकवलेलं. कढईत मोठ्या आचेवर परतला म्हणजे झालं, हा गैरसमज आहे.

म्हणून मी हॉटेल निवडताना एकच बघतो. ते उशिरापर्यंत उघडं आहे, की रात्रीचंच आहे? इंदूरचा सराफा घ्या. दिवसा सोन्याचांदीची पेठ, पेढ्या बंद झाल्या की त्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात. तिथला माणूस रात्रीसाठीच पीठ भिजवून येतो. अकराला त्याचा दिवस चढलेला असतो, मावळत नसतो. मुंबईत रमजानमध्ये मोहम्मद अली रोडला रात्री दोनला जा, कबाब आगीवरून उतरताना डोळ्यांनी दिसतो.

निपाणीचा_बारक्या
आणि गोबी? रातच्याला गाड्यावर गोबी मंचुरीच असते की सगळीकडं.

भट्टीसमोर_बारा_वर्षं
गोबी आधी तळून ढीग लावलेली असते, नंतर नुसती सॉसमध्ये घोळतात. रंगाचं म्हणशील तर 2024 च्या मार्चमध्ये आपल्या कर्नाटक सरकारनं गोबी मंचुरीत कृत्रिम रंगाला बंदी घातली, जूनमध्ये कबाबला. तरीही लालभडक दिसली की मी पुढं चालायला लागतो. चांगली तिखट गोबी तांबूस असते, कुंकवासारखी नसते. संकेश्वरी मिरची बघितलेल्या माणसाला हे सांगायला नको.

खानापूरची_नर्स
सगळं वाचलं. छान आहे, पण सगळे पुरुष बोलताय.

मी पुण्यात नोकरी करते. दुपारची ड्यूटी रात्री साडेनऊला सुटायची ती कधी साडेअकराला सुटते. तुमचा तो ड्रायव्हर-क्लीनरचा गाडा माझ्या वाटेवरही आहे. भुर्जी चांगलीच असेल. तिथं मी एकटी उभी राहून खाऊ? एकदा राहिले होते. कोणी काही बोललं नाही, पण पाच मिनिटांत बारा जणांनी बघितलं. निम्मी ताटली ठेवून निघाले.

माझा हिशेब वेगळा आहे. दिवे आहेत का, आत आणखी एखादी बाई किंवा कुटुंब बसलंय का, संडासाला आतून कडी आहे का, रिक्षा दारात येते का. एवढं असेल तर मी गार फ्राइड राइससुद्धा खाईन. फोटो आणि अभिप्राय मी त्यासाठीच वाचते, चवीसाठी नाही. बायकांनी लिहिलेले शोधून वाचते.

टिळकवाडीकर
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरं सांगतो.

पण मग अशा ठिकाणी तुम्ही मागवता काय?

खानापूरची_नर्स
इडली नाही, ती सकाळची असते. साधा डोसा किंवा ऑम्लेट-पाव. समोर घडतं ते.

भट्टीसमोर_बारा_वर्षं
बघा, ताई आणि मी एकाच ठिकाणी आलो. ऑम्लेटमध्ये लपवायला जागाच नसते.

अनगोळचे_काका
आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. घरून दशम्या, शेंगाचटणी, वर एक कांदा. पुण्याला जा नाहीतर काशीला जा. रात्री बाराला परक्या गावात तवा शोधत हिंडणं हेच मुळात चुकीचं आहे. पोटालाही रात्री सुट्टी लागते.

निपाणीचा_बारक्या
काका, विमानतळावरच्या तपासणीत शेंगाचटणी बघून बाजूला घेतलं होतं मला. हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, खाऊन बघा.

अनगोळचे_काका
मग? खाल्ली का?

निपाणीचा_बारक्या
वास घेऊन सोडलं. पण खरं बोलायचं तर रात्रीचं खाणं ही मजा पण आहे की. शहरात जाऊन खोलीत दशमी चावत बसायचं असेल तर अनगोळच बरं.

कॅम्पातला_जोशी
बेंगलोर-पुण्याचं राहू दे, आधी गावाकडं बघा. बेंगलोरहून वंदे भारत आपल्याला बेळगावला रात्री साडेदहा-पावणेअकराला स्टेशनवर सोडते. बाहेर या आणि जेवण शोधा. महाराष्ट्रात 2017 च्या दुकान कायद्यानं हॉटेलांना चोवीस तासांची मुभा आहे, बेंगलोरला 2024 च्या ऑगस्टपासून रात्री एकपर्यंत. आपल्याकडं अकराला शटर. यावर कोण बोलणार?

धागा सांभाळणारा
जोशी, विषय मोठ्या शहराचा आहे. आणि इथून पुढं महाराष्ट्र बरा की कर्नाटक बरं, या वळणावर कोणी गेलं तर धागा बंद करीन. मागच्या वेळी मिसळीच्या धाग्याचं काय झालं ते आठवतंय ना?

कॅम्पातला_जोशी
मी फक्त शटरबद्दल बोललो.

टिळकवाडीकर
माझं पहिलं मत जरा दुरुस्त करतो. ड्रायव्हर बघायचे, हे एकट्या पुरुषानं, शहरात, पायी हिंडायची तयारी असेल तर. बायकापोरं बरोबर असतील तर ताईंचा हिशेब. पण स्टार बघायचे नाहीत यावर मी अजून ठाम आहे. बारक्या काहीही म्हणो.

तेव्हा लिहायचं राहिलं, त्या साडेचार स्टारवाल्यांनी बिलात सर्व्हिस चार्जही लावला होता. मी भरून आलो, भांडायचं त्राण नव्हतं.

भट्टीसमोर_बारा_वर्षं
तो परस्पर लावता येत नाही. 2022 च्या जुलैमध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तसं सांगितलंय, 2025 च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. 'काढा' म्हणायचं. 5 टक्के जीएसटी मात्र द्यावाच लागतो. रात्री बाराला दमलेलं गिऱ्हाईक वाद घालत नाही, हे गल्ल्यावरच्या माणसाला पक्कं माहीत असतं.

निपाणीचा_बारक्या
बरं ते राहू दे. उद्या मी पुण्याला येऊलालोय, दुपारच्या गाडीनं. स्वारगेटला उतरून जेवायचं कुठं ते सांगा कोणीतरी.

खानापूरची_नर्स
किती वाजता पोचणार?

निपाणीचा_बारक्या
गाडीवाला नऊ म्हणतोय.

खानापूरची_नर्स
म्हणजे साडेअकरा.

अनगोळचे_काका
दशम्या घे.