मूल घडवता येतं, की ते घडूनच येतं?

जुळ्यांची आई

माझ्या दोन मुलांमध्ये अकरा मिनिटांचं अंतर आहे. आता सात वर्षांची झाली. एकच घर, एकच आजी, एकाच पातेल्यातला वरणभात. तरी दारात अनोळखी चपला दिसल्या की थोरला आतल्या खोलीत जातो आणि धाकटा पाहुणा टेकायच्या आत त्याच्या मांडीवर. बालवाडीत रुळायला थोरल्याला दिवाळी उजाडली. धाकट्याने पहिल्या दिवशी मागे वळूनही पाहिलं नाही.

सासूबाई म्हणतात, "मोठ्याला तू फार जपलंस." पालकसभेत बाई म्हणाल्या, "घरी जरा बोलतं करा त्याला." चार वर्षं मी हे ऐकून घेतलं. कितीतरी रात्री स्वतःला दोष देत काढल्या. मग एकदा साधा प्रश्न पडला: थोरल्याला मी बुजरं केलं असेल, तर धाकट्याला धीट कोणी केलं?

तेव्हापासून मिळेल ते वाचते आहे. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्याने १९५६ पासून शंभरावर मुलांचा तान्हेपणापासून पाठपुरावा केला. साधारण ४० टक्के मुलं चटकन जुळवून घेणारी निघाली, १० टक्के सांभाळायला अवघड आणि १५ टक्के नव्या गोष्टीला सावकाश सरावणारी. बाकीची कुठल्याच गटात धड बसली नाहीत. हे फरक पाळण्यातच दिसत होते. २०१५ मध्ये तर जगभरातल्या जुळ्यांवरच्या पन्नास वर्षांच्या अभ्यासांचा एकत्र ताळा मांडला गेला. सगळ्या गुणांची सरासरी धरली, तर माणसामाणसांतल्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा ४९ टक्के निघाला.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की मूल म्हणजे मातीचा गोळा नाही. ते आपला पिंड घेऊनच येतं. आईबापांनी, आणि विशेषतः आयांना बोल लावणाऱ्यांनी, हा घडवण्याचा हट्ट सोडावा. तुम्हाला काय वाटतं?

खडूफळा

ताई, तुमच्यावर झालेला अन्याय समजतो. पण तुमचं उदाहरण भरल्या घरातलं आहे. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवतो. दसरा झाला की माझा वर्ग निम्मा होतो. आईबाप 'कोयत्या'ला जातात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा. पोरं सोबत जातात, फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत राहतात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की उन्हाळ्यात परत येतात.

माझ्याकडे दोन सख्ख्या बहिणी आहेत. धाकटी आजीजवळ गावात राहते, दुसरीत आहे, धडा घडाघडा वाचते. थोरली चौथीत. ती दरवर्षी आईबरोबर जाते, कारण कोपीवर तान्ह्या भावाला बघायला कोणीतरी लागतं. तिला जोडाक्षर आलं की अडखळायला होतं. पण मोळ्यांचा हिशेब विचारा, माझ्याआधी उत्तर देते. रक्त एक, आईबाप एक. आता सांगा, यातलं ४९ टक्के कुठे शोधू?

गोमटी फळे

गुरुजी, एका उदाहरणाने शास्त्र खोटं ठरत नाही. माझ्या शेजारच्या घरात आईबाप दोघं शिक्षक, घरभर पुस्तकं, शिकवणी, सगळं काही. तरी मुलाचं अभ्यासात चित्त नाही. पण मोटारसायकलचं इंजिन तो दहाव्या वर्षी उघडून परत जोडायचा. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात ही म्हण उगाच पडलेली नाही. आपण मुलांना तासून तासून एकसारखं करायला बघतो, हेच चुकतं.

टाचेचा थेंब

मी नवजात बाळांच्या विभागात काम करते. वर दोन गोष्टींची गल्लत होते आहे, म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट, ४९ टक्के याचा अर्थ 'माझ्या मुलातला अर्धा भाग जनुकांचा' असा होत नाही. तो आकडा ज्या समूहात मोजला, त्या समूहातल्या माणसांमध्ये जो फरक दिसतो त्याची ती वाटणी आहे. सगळ्यांना सारखं जेवण, सारखी शाळा मिळाली तर उरलेल्या फरकात जनुकांचा वाटा मोठा दिसतो. परिस्थितीत जमीन-अस्मानाचा फरक असेल तर तोच वाटा कमी होतो. जनुकं दोन्हीकडे तीच असतात. गुरुजींनी सांगितलेल्या दोन बहिणींचं टक्क्यांत उत्तर नाही ते यामुळे.

दुसरी गोष्ट, 'जन्मतः' म्हणजे 'न बदलणारं' नव्हे. काही बाळांची थायरॉइड ग्रंथी जन्मतःच नीट काम करत नाही. कळलं नाही तर बुद्धीची वाढ कायमची खुंटते. टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन वेळीच तपासलं आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू केली, तर ते मूल जवळजवळ इतरांसारखंच वाढतं. दोष घेऊन आलेलं मूल, पण त्याचं पुढचं आयुष्य एका थेंबावर ठरलं. अशा बाळाची आई समोर बसलेली असताना 'पिंड असतोच' हे वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही.

उशिरा कळलं

जुळ्यांच्या आईशी मी असहमत आहे आणि त्याला कारण आहे. माझा मुलगा अडीच वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता. घरात सगळे म्हणायचे, "त्याचे काकाही उशिरा बोलले, प्रत्येक मूल वेगळं असतं." एका डॉक्टरांनीही वाट बघा म्हणून सांगितलं. शेवटी त्याच्या आत्याने पाठीमागे ताट पाडून पाहिलं. तो वळला नाही. बेरा या कानाच्या चाचणीत दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं असं निघालं. आता यंत्र आहे, वाचाउपचार चालू आहेत, तो बोलतो. पण ती दीड-दोन वर्षं त्याच्या भाषेतून गेली ती गेलीच. वर्षाच्या आसपास एखादा शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नसेल, तर कृपा करून 'स्वभाव' म्हणून बसू नका. आधी कान तपासा.

पाटीपेन्सिल

मुद्दा थोडा बाजूचा, पण पालकांनी लक्षात घ्यावा असा. आपल्याकडे पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत. म्हणजे डिसेंबरअखेर जन्मलेलं मूल जूनमध्ये साडेपाच वर्षांचं असतं आणि त्याच बाकावरचं जानेवारीतलं जवळजवळ साडेसहाचं. त्या वयात वर्षभराचा फरक फार असतो. पहिलीला शिकवताना मी स्वतः ज्यांना 'मंद', 'चंचल' म्हणाले, त्यांच्या जन्मतारखा नंतर पाहिल्या आणि वाईट वाटलं. कॅनडात तर वर्गातल्या सर्वांत लहान मुलांवर अतिचंचलतेचं निदान जास्त होतं असं दिसून आलं आहे. बुद्धी नाही, स्वभाव नाही, संस्कारही नाहीत. नुसती जन्मतारीख!

जुळ्यांची आई

सगळं दोनदा वाचलं. 'उशिरा कळलं', तुमचं वाचून मन सुन्न झालं. तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. तपासणी आधी, स्वभाव नंतर. माझ्या थोरल्याची तपासणी झालेली आहे, घरात तो भरपूर बोलतो, हे मी आधीच लिहायला हवं होतं.

गुरुजी, तुमच्या बाजूने बोलणारं संशोधनही मी वाचलं आहे. अमेरिकेत २००३ मध्ये सात वर्षांच्या जुळ्यांच्या बुद्ध्यांकाचा अभ्यास झाला. त्यात गरीब घरांत आनुवंशिकतेचा वाटा जवळजवळ शून्य आणि सुस्थितीतल्या घरांत मोठा निघाला. मात्र युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांत असा फरक दिसला नाही. तिथे गरिबालाही बरी शाळा आणि दवाखाना मिळतो, हे त्याचं एक कारण असावं असं मला वाटतं.

तरी मूळ मुद्द्यावर मी ठाम आहे. थॉमस आणि चेस यांनीच म्हटलं होतं की अवघड स्वभावाने मूल बिघडत नाही, स्वभाव आणि घरच्या अपेक्षा यांचा मेळ बसला नाही की बिघडतं. थोरल्याला मी आता पाहुण्यांसमोर ढकलत नाही. आधी सांगते कोण येणार आहे, दहा मिनिटं आत बसू देते. गेल्या महिन्यात मामा आले तेव्हा तो आपणहून बाहेर आला.

खडूफळा

ताई, मेळ हा शब्द पटला. पण तो फक्त घराने बसवायचा का? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली पोरं गुरं राखायला जातात, शाळेत येत नाहीत. त्यांनी पोरांना आळशी किंवा मठ्ठ ठरवलं नाही, कुरणावरच शाळा नेली. बिया, शिंपले, पानं हेच शिकवायचं साहित्य. मूल बदलायच्या आधी त्यांनी शाळा बदलली.

आणि 'गोमटी फळे', तुमच्या शेजारच्या मुलाला उघडायला इंजिन तरी मिळालं. माझ्या थोरलीला काय मिळालं असतं तर ती कोण झाली असती, हे मी सांगू शकत नाही, तुम्हीही नाही.

गोमटी फळे

गुरुजी, हे खरं आहे. पण मग तिच्यासाठी आता काय करता येईल? तुमच्याकडे हंगामी वसतिगृहाची सोय असते ना?

खडूफळा

असते. मुलं गावातच राहतात, दोन वेळचं जेवण मिळतं. मी तिचं नाव घातलं होतं. गेल्या आठवड्यात तिचे वडील येऊन सांगून गेले की तान्ह्याला कोण बघणार, यंदा तिला न्यावंच लागेल, पुढच्या वर्षी ठेवू. मी तिच्या दप्तरात तिसरीचं बालभारती आणि दोन कोऱ्या वह्या घातल्या आहेत. मोळ्यांचा हिशेब रोज लिहून ठेव म्हणून सांगितलंय, आणि शेजारी त्या दिवशी काय झालं त्याची एक ओळ. सोमवारी गाडी निघते.