वेलनेस ॲप करताना मुलांना ‘रँडम’ कसं शिकवावं?

नववीचे मास्तर: आमची मुलं पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत वेलनेस ॲप करतात. पाणी प्या, मान सैल करा, थोडं चाला अशा दहा सूचनांची लिस्ट, आणि रोज रँडम.चॉइसने (लिस्टमधून कुठलीही एक उचलणाऱ्या आज्ञेने) त्यातली एक दाखवायची. दोन-चार दिवसांत तक्रार येते, "सर, बिघडलं, तीच सूचना परत आली." बिघडलेलं काहीच नसतं. दहांतून रोज एक उचलली, तर सात दिवसांत एकही परत न येण्याची शक्यता जेमतेम 6 टक्के असते. म्हणून लगेच शफल, म्हणजे पूर्ण लिस्ट पत्त्यांसारखी पिसणं, शिकवू नये, असं माझं ठाम मत आहे. आधी हजार वेळा लूप फिरवून कोणती सूचना किती वेळा आली ते मुलांनी मोजावं. कुठे 88 दिसतील, कुठे 113. हे स्वतः पाहिल्याशिवाय रँडम कळत नाही.

कोडवाली: सर, गणित बरोबर, पण ॲप माणसांसाठी आहे. सलग तीन दिवस ‘पाणी प्या’ आलं तर चौथ्या दिवशी ते उघडेल कोण? गाण्यांच्या ॲपमध्ये एकाच गायकाची गाणी लागोपाठ लागली की लोकांना शफलचीच शंका यायची. म्हणून ॲपलने 2005 मध्ये ‘स्मार्ट शफल’ आणलं. पहिल्याच तासाला लिस्ट पिसायला आणि एकेक सूचना काढायला शिकवा.

नववीचे मास्तर: ताई, तिथेही अडतंच. लिस्ट संपली, पुन्हा पिसली, की जुनी शेवटची आणि नवी पहिली सूचना एकच निघण्याची शक्यता दहात एक. ज्याला चॉइस समजलेलं नाही, त्याला हे कसं सुचणार?

टेस्टिंगवाला: दोघांनीही सीड, म्हणजे रँडमची सुरुवात ठरवणारा आकडा, सोडलात! रँडम.सीड(42) लिहिलं की दरवेळी तोच क्रम येतो, म्हणून चूक पुन्हा घडवून पकडता येते. तारीखच सीड म्हणून दिली, तर ॲप कितीदाही उघडा, दिवसभर सूचना एकच राहते.

शाळेतली समुपदेशक: मला काळजी वेगळी आहे. ही ॲप्स मूड विचारतात, आणि मुलीने ‘फार वाईट वाटतंय’ निवडलं तरी त्याच दहांतलं काहीही समोर येतं. रात्रभर न झोपलेल्या मुलीला ‘आज जास्त सूर्यनमस्कार घाला’? आधी मूडनुसार लिस्ट गाळा, मग त्यातून रँडम. आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर त्या लिस्टमध्ये टाकूच नका. तो स्क्रीनवर कायम दिसला पाहिजे.

कोडवाली: शंभर टक्के पटलं. सर, तुमच्या हजार फेऱ्यांच्या लूपमध्ये हे कधीच दिसलं नसतं.

नववीचे मास्तर: नसतं दिसलं, खरं आहे. नंबर आणि मूडची गाळणी पहिल्या तासालाच घेतो. पण शफलच्या आधी मोजणी, हा क्रम मी बदलणार नाही.